दोन शेपट्यांचा पक्षी

इंग्लंडातल्या आमच्या बर्स्लेममध्ये, या बश्या बनवणाऱ्या गावात, माणूस जेवायला बसला की आधी बशी उलटी करून खालचा कारखान्याचा शिक्का बघतो. बशी रिकामी असेल तर हे सोपं असतं. वाढलेली असेल तर ती दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलायची आणि मान मागे टाकून खालून बघायचं. रस्सा सांडला तर सांडला. लंडनच्या हॉटेलांत आमची माणसं ओळखू येतात ती अशी. वेटरला वाटतं, बशीखाली झुरळ दिसलं असावं.

माझा थोरला भाऊ क्लाइव्ह गेला तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये चहा आणि हॅमची सँडविचेस होती. लोक येत, माझ्या वहिनीचा, म्हणजे ग्लेनिसचा, हात हातात घेऊन "लाखात एक माणूस होता, डक," म्हणत आणि मग टेबलाशी जाऊन बशी उलटी करत. (आमच्याकडे सगळ्यांनाच डक म्हणतात. बिशपलाही म्हणतील, तो कधी इकडे फिरकला तर.) बश्या परदेशी निघाल्या. त्यानंतर हॉलमध्ये खरी शोककळा पसरली.

ग्लेनिस मात्र शिक्का बघत नाही. कारखान्याच्या छपाई खात्यात हयात घालवलेल्या बायका शिक्का बघत नाहीत, त्या काठावरून अंगठा फिरवतात. त्या जोड शोधत असतात.

निळ्या-पांढऱ्या बशीवर ते जे चित्र असतं, नदी, पडका मठ, चरणाऱ्या गाई आणि काठाभोवती काटेरी वेलीवर बसलेली पाखरं, ते कुणी हातानं रंगवलेलं नसतं. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठेवलं. आमच्या 'पडका मठ' या नक्षीतल्या गाई कुत्र्यांसारख्या दिसतात. कोरणाऱ्यानं गाय पाहिली नसेल असं नाही, पण गावात तेव्हा धूर फार होता. तर तो पत्रा तापवायचा, त्याच्या रेघांत तेलात खललेला रंग भरायचा, वर पातळसा कागद ठेवून यंत्राच्या रुळांतून काढायचा. कागदावर छाप उठतो. तो कात्रीनं कापायचा, एकदा भाजलेल्या पण झिलई न चढवलेल्या बशीवर लावायचा, राठ ब्रशनं मऊ साबण लावून घासायचा आणि मग कागद पाण्यात धुऊन टाकायचा. कागद जातो, छाप राहतो. तोही निळा नसतो, मळकट काळा-जांभळा असतो. निळा होतो तो भट्टीत.

मधलं चित्र कुणीही लावेल. खरी परीक्षा किनारीची. पट्टी सरळ आणि काठ गोल, आणि फिरून आल्यावर दोन टोकं जिथं भेटतात तिथं एखादी फांदी तुटते, एखाद्या पाखराची चोच जाते. तो जोड. बहुतेक बायका तो पानांच्या गर्दीत लपवत. ग्लेनिसला लपवावा लागत नसे, कारण तिच्या बशीवर तो सापडतच नसे. शुक्रवारी पबमध्ये तिची बशी हातोहात फिरे, पैजा लागत, आणि जोड सापडला म्हणणाऱ्याला ती विचारी, "चष्मा कुठून घेतलास, डक? परत कर."

ती नम्र होती असं तिचा शत्रूही म्हणणार नाही. रविवारी जुन्या बाजारात आम्ही दोघं जायचो. तिथं मागल्या राजे-राण्यांच्या काळातल्या बश्या काचेच्या कपाटात मांडलेल्या असत. ही बया त्या मागून घ्यायची, डोळे मिटून काठावर अंगठा फिरवायची आणि दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बायकांची उणीदुणी काढायची. "ही सोमवारी लावलेली आहे." "हिची दाढ दुखत होती." "ही बघ, हिचं लक्ष खिडकीबाहेर. कुणीतरी असणार तिथं." दुकानदार बशीची किंमत सांगायचा, तेव्हा ती म्हणायची, "एवढी? या बाईला मी कागद कापायलाही ठेवली नसती."

मला ती 'मास्तर' म्हणते. मी गावच्या कॉलेजात कलेचा इतिहास शिकवायचो. पुढे कॉलेजाच्या लक्षात आलं की कलेचा इतिहास शिकून कुणी कुठंच लागत नाही. त्यांनी खातं बंद केलं. मग मी गाइड म्हणून ऑलरेनशॉ कारखान्यात लागलो, म्हणजे जिथं माझा बाप, भाऊ आणि वहिनी आधीपासूनच होती तिथं. एवढं शिकून मी त्याच फाटकातून आत गेलो, फक्त गळ्यात ओळखपत्र घालून.

छपाई खात्यात एक नियम होता. कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळे सगळे पाळत. ओला छाप टाकून उठायचं नाही. कागद वाळला की छाप मेला, आणि मजुरी नगावर असल्यामुळे एकीचा मेलेला छाप म्हणजे छापणारा, कापणारी आणि लावणारी अशा तिघांच्या पोटावर पाय. कळा सुरू झालेली बाई बशी पुरी करूनच उठली, अशा गोष्टी तिथं कौतुकानं सांगत. बाळाचं पुढं काय झालं हे त्या गोष्टींत नसे.

क्लाइव्ह अंगणापलीकडे भट्टीवर होता. एका गुरुवारी दुपारी भट्टीवरचा माणूस छपाई खात्याच्या दारात आला आणि म्हणाला, "ग्लेनिस, क्लाइव्ह पडलाय." तिच्या हातात किनारीची पट्टी होती, अर्धी लागलेली. तिनं ती पुरी लावली. न बघता, घाईघाईत, पण पुरी लावली, आणि मग अंगण ओलांडलं. तोवर क्लाइव्ह कुणासाठी थांबण्याच्या पलीकडे गेला होता.

हे तिनं मला एकदाच सांगितलं, तव्यावर ओटकेक, म्हणजे ओटची धिरडी, शेकत असताना, पाठ माझ्याकडे करून. मी विचारलं, "त्या बशीचं काय झालं?"

"फोडली असणार," ती म्हणाली आणि ओटकेक उलटला. "चीज घालू का नुसता देऊ?"

बशी फोडलेली नव्हती. छापणाऱ्या नॉर्मन मॅचिननं ती निमूटपणे भट्टीत जाऊ दिली होती आणि निळी होऊन आल्यावर फोडायला त्याचा हात उठला नव्हता. नॉर्मन हळवा माणूस आहे. जगातले बरेच घोळ हळव्या माणसांनी घातलेले आहेत. त्यानं ती कँटीनच्या खिडकीत जिरेनियमच्या कुंडीखाली ठेवली. वर्षानुवर्षं ती तिथं पाणी झेलत बसली.

मग कारखाना बुडाला. आमच्याकडे कारखाने बुडतात तसाच, आधी अफवा, मग केक कापून कारखान्याची शंभरी की द्विशताब्दी, मग कुलूप. नव्या मालकांनी तो विकत घेतला आणि त्याचं नाव 'ऑलरेनशॉ अनुभव' असं ठेवलं. बश्या आता जगाच्या दुसऱ्या टोकाला बनतात. त्यांच्यावर नक्षीचा स्टिकर बसवतात आणि मागे शिक्का असतो: 'इंग्लंडच्या परंपरेतून.' बर्स्लेमची माणसं हा शिक्का वाचतात आणि बशी फार हळू खाली ठेवतात. गावात फक्त एक यंत्र, नॉर्मन, कागद कापणारी एक मुलगी आणि ग्लेनिस ठेवले, काचेच्या भिंतीआड, बसमधून येणाऱ्या पाहुण्यांना बघायला. पाहुण्यांना समजावून सांगायला मी.

या सगळ्याची प्रमुख फिलिपा. वाईट मुलगी नाही. दारं उघडी धरते, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवते, आणि जुन्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर तिचं खरं प्रेम आहे. तिच्या ऑफिसच्या भिंतीवर जुन्या बाजारातल्या अस्सल बश्या टांगलेल्या आहेत. तिला कुणा जाणकारानं सांगितलं होतं की संग्राहक किनारीवरच्या जोडावर जीव टाकतात, कारण तिथं माणसाचा हात दिसतो. झालं. 'हस्तस्पर्श' नावाची नवी मालिका काढायची ठरली. एखादी जोड दिसणारी बशी निवडायची, तिचा हुबेहूब स्टिकर करायचा, आणि प्रत्येक बशीवर तोच माणसाचा हात, हजारो वेळा.

कारखान्याच्या म्युझियममधल्या बश्या तिला पसंत पडेनात. जोड होते, पण मिळमिळीत. एखादं पान अर्धं, एखादी फांदी वाकडी. मग एक दिवस तिनं कँटीनमधली कुंडी उचलली.

तीनेक महिन्यांनी एका सोमवारी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. टेबलावर फडकं, फडक्याखाली काहीतरी. फिलिपानं फडकं काढलं. नव्या कोऱ्या बश्यांची चळत होती. एकेक सगळ्यांच्या हातात दिली. सगळ्यांनी ती उलटी केली, शिक्का वाचला आणि सरळ केली. ग्लेनिसनं अंगठा फिरवला, पण स्टिकरवर अंगठ्याला काही लागत नाही, म्हणून मग तिनं बघितलं.

किनारीवर एके ठिकाणी पट्टीची टोकं एकमेकांवर चढली होती. एका पाखराचा मागचा अर्धा भाग आणि दुसऱ्याचाही मागचा अर्धा भाग तिथं भेटले होते. डोकं नाही, दोन्ही बाजूंना शेपट्या.

"हे कोण?" ग्लेनिस म्हणाली.

"हाच तर आपला हिरो!" फिलिपा म्हणाली. "दोन शेपट्यांचा पक्षी. किती गोड आहे ना? आणि ग्लेनिस, नॉर्मन म्हणाला, ही तुमच्याच हातची आहे!"

ग्लेनिसनं नॉर्मनकडे बघितलं. नॉर्मन किटलीकडे बघत होता.

"कुठं सापडली?"

"कुंडीखाली. विचार करा, इतकी वर्षं कुंडीखाली!"

"तिथंच बरी होती," ग्लेनिस म्हणाली. बशी टेबलावर ठेवली आणि आपल्या बाकावर गेली. लोकांना वाटलं, संकोचली. संकोच हा शब्द या बाईच्या बाबतीत वापरणाऱ्यांना मी ओळखत नाही.

संध्याकाळी फाटकाशी तिनं मला गाठलं. "मास्तर, उद्या माझ्याबरोबर तिच्या ऑफिसात यायचं."

"मी काय बोलू?"

"तू काही बोलायचं नाहीस. शिकलेला माणूस बाजूला गप्प बसलेला असला की बरं दिसतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. फिलिपानं स्वतः चहा केला. ग्लेनिसनं बशी मागितली, बशी म्हणजे बिस्किटाची, आणि तिच्यात बिस्कीट न ठेवता तशीच मांडीवर धरून बसली.

"हे बघ, डक," ती म्हणाली, "तुला जोड हवा आहे ना? मी देते. चोच तुटलेला देते, फांदी मोडलेला देते, सांगशील तसा. पण हा काढ."

"पण का, ग्लेनिस? याच्यात जीव आहे! तुमच्या बाकीच्या बश्या इतक्या," फिलिपानं शब्द शोधला, "इतक्या नीट आहेत, की त्या मशीनच्या वाटतात."

मी चहाकडे बघत होतो. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी पबमध्ये पैजा लागल्या, ती गोष्ट दोन शब्दांत मशीनच्या खाती जमा झाली होती.

"गावात माझं एक नाव आहे," ग्लेनिस म्हणाली. "तुला ठाऊक नसेल, तू इथली नाहीस. ग्लेनिसचा जोड सापडत नाही, असं ते नाव आहे. मला पोरंबाळं नाहीत. घर भाड्याचं आहे. तेवढं एक आहे. आणि तू माझ्या सगळ्या बश्यांतून हीच उचललीस आणि जगभर पाठवायला निघालीस."

"पण लोक यामुळेच तर तुमच्यावर प्रेम करतील!"

"नको करू देत."

मग, आणि हे मला अजून पटलेलं नाही, तिनं सांगितलं. तो गुरुवार, दारात आलेला माणूस, हातातली पट्टी, पुरी लावून उठणं. ओटकेक शेकताना मला जेवढं सांगितलं होतं तेवढंच, पण या वेळी समोर बघून. तिला वाटलं असणार की एवढं ऐकल्यावर कुणीही माणूस ती बशी बाजूला ठेवेल. बर्स्लेममध्ये ठेवली असती.

फिलिपाच्या डोळ्यांतून पाणी आलं. खोटं नव्हतं. तिनं उठून ग्लेनिसला मिठी मारली, मांडीवरच्या बशीसकट. "थँक यू," ती म्हणाली. "माझ्यावर एवढा विश्वास टाकलात, थँक यू."

बाहेर कालव्याच्या कडेनं चालताना ग्लेनिस हलकी झाल्यासारखी वाटली. "चांगली पोरगी आहे," ती म्हणाली. "उगाच मी तिला बाहेरची समजत होते. रडली बघ कशी."

"काढते म्हणाली का?"

"रडली ना, मास्तर! आणखी काय तोंडानं म्हणायचं असतं?"

मी शिकलेला माणूस असल्यामुळे गप्प बसलो.

पुढच्या महिन्यात बश्या दुकानात लागल्या. प्रत्येक बशीबरोबर निळ्या रिबिनीला बांधलेलं एक कार्ड होतं. 'प्रेम आणि कर्तव्य यांच्यामधला एक क्षण,' अशी सुरुवात होती, आणि मग सगळं होतं. गुरुवार होता, पट्टी होती, अंगण होतं. ग्लेनिस टनिक्लिफ असं पूर्ण नाव होतं. शेवटी लिहिलं होतं की काही जोड कधीच जुळत नाहीत. बाजूला टोपलीत कापडी खेळणी ठेवली होती, कापूस भरलेली, दोन शेपट्यांची, डोकं नसलेली. पोरांना आवडावं म्हणून पक्ष्याचं नाव ठेवलं होतं. क्लाइव्ह.

ग्लेनिसनं टोपलीतला एक क्लाइव्ह उचलला, सगळीकडून बघितला आणि परत ठेवला. दुकानातली मुलगी म्हणाली, "एक घेऊन जा ना, ग्लेनिस. स्टाफला सूट आहे."

"एक होता माझ्याकडे," ती म्हणाली.

पबमध्ये कुणी काही बोललं नाही. हे फार वाईट लक्षण. आमच्या पबमध्ये माणसाच्या घटस्फोटावर, टकलावर आणि मूळव्याधीवर त्याच्यादेखत बोलतात. नॉर्मननं तिच्यासाठी ग्लास आणून ठेवला आणि म्हणाला, "मला वाटलं, ठेवावी. तुझी तेवढीच एक अशी होती."

"म्हणूनच फोडायची असते, येड्या."

बश्या खपत होत्या. अडचण काचेच्या भिंतीआड सुरू झाली. पाहुणे बसमधून उतरत, दुकानात कार्ड वाचत आणि मग आत येऊन ग्लेनिसला काम करताना बघत. तिचा ब्रश फिरे, कागद धुऊन जाई, आणि समोर ठेवलेल्या भाजून निळ्या झालेल्या बश्यांवर जोड नसे. पाहुणे एक उचलून बघत, दुसरी उचलून बघत आणि ठेवून देत. एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "या मशीनच्या आहेत ना? खऱ्या हातच्या दुकानात आहेत, त्या पक्ष्यावाल्या." मी त्यांना सांगितलं की उलट आहे. ते माझ्याकडे बघून समजुतीनं हसले. गाइड लोक असं काहीबाही सांगतात, हे त्यांना ठाऊक होतं.

फिलिपा आली ती बिस्किटांचा डबा घेऊनच. मालकांचं म्हणणं होतं की प्रात्यक्षिक आणि माल यांचा मेळ बसत नाही. लोकांना गोष्टीतला पक्षी डोळ्यांसमोर होताना बघायचा आहे. तो होणार नसेल तर त्या कोपऱ्यात कॉफीचं मशीन जास्त कामाला येईल.

"म्हणजे मी मुद्दाम चुकायचं," ग्लेनिस म्हणाली.

"चुकायचं नाही हो! तो क्षण पुन्हा जगायचा."

"दिवसातून किती वेळा?"

"बस येतील तसा."

ग्लेनिसनं नॉर्मनकडे बघितलं. नॉर्मनची बायको चाकाच्या खुर्चीत आहे आणि दुसरं कुठलंही यंत्र त्याला येत नाही. तो परत किटलीकडे बघत होता. त्या किटलीकडे इतक्या आशेनं दुसरं कुणी बघितलं नसेल.

"करते," ग्लेनिस म्हणाली. "पण कार्डावरून माझं नाव काढायचं. आणि त्याचं. खेळण्यावरचंसुद्धा."

मला वाटलं, इथं मोडणार. गोष्टीतून माणसंच काढा म्हटल्यावर राहिलं काय? पण फिलिपाचा चेहरा उजळला. "खरं सांगू? आम्ही तेच म्हणत होतो. पाहुण्यांना ते जरा फारच जवळचं वाटतं. म्हणजे, बाई अजून जिवंत आहे म्हटल्यावर त्यांना अवघडल्यासारखं होतं. जुन्या काळात नेलं तर जास्त चालेल."

"ने," ग्लेनिस म्हणाली. "कुठं न्यायचं तिथं ने."

आणि खरोखर नेलं. नव्या कार्डावर अठराशे तेवीस साल होतं. टॅबिथा नावाची कोवळी पोर होती, कालव्यावर नाव चालवणारा तिचा प्रियकर होता, आणि तो बुडाल्याची बातमी दारात आली तेव्हा तिच्या हातात पट्टी होती. खेळण्याचं नाव बर्टी झालं. माझ्या भावाचा मृत्यू दोनशे वर्षं मागे सरकला आणि विक्री वाढली.

चुकायला शिकणं मात्र सोपं गेलं नाही. पहिल्या दिवशी तिनं पट्टी वाकडी धरली, डोळे दुसरीकडे फिरवले, टोकं एकमेकांवर चढवली. कागद धुतला तर पाखरू अखंड. चोच, डोकं, शेपटी, सगळं जागच्या जागी.

"अगं, चुकव ना!" नॉर्मन काचेकडे पाठ करून पुटपुटला. बाहेर आजीबाईंची एक अख्खी बस उभी होती.

"चुकवतेच आहे. डोळे फुटले का तुझे?"

"मग चुकत का नाही?"

"हाताला विचार!"

हात ऐकेना. मेंदूनं कितीही सांगितलं तरी शेवटच्या क्षणी बोटं पट्टी केसभर सरकवत आणि पाखराला त्याचं डोकं परत देत. शेवटी तिनं पेन्सिलनं बशीवर बारीक खूण करून घेतली, कागद कापणाऱ्या मुलीला पट्टी जास्त लांब कापायला सांगितली, आणि रोज घरी जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांवर सराव केला. मी एकदा गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या सगळ्या बश्यांच्या काठांवर क्रिकेटचे स्कोअर चिकटवलेले होते. महिन्याभरात तिला जमलं. असं जमलं की प्रत्येक बशीवर तीच टोकं, तोच चढाव, त्याच दोन शेपट्या. तिचा पक्षी आणि दुकानातला स्टिकर शेजारी ठेवले तर मलाही फरक सांगता आला नसता. पाहुणे टाळ्या वाजवू लागले. फिलिपा म्हणाली, "बघा, किती मोकळा झाला तुमचा हात!"

माझंही काम सोपं झालं. टॅबिथाची गोष्ट मी बरी सांगतो. नाववाला बुडतो तिथं मी जरा थांबतो, कारण तिथं बायका पर्स उघडून रुमाल शोधतात. ग्लेनिस मागे ब्रश घासत असते. तिनं एकदाही मान वर केलेली नाही, आणि मी एकदाही मागे वळून बघितलेलं नाही. आमच्यात हे न बोलता ठरलं आहे.

परवा डर्बीहून एक बस आली होती. मी गोष्ट संपवली, लोकांनी उसासे टाकले, आणि जांभळा कोट घातलेल्या एका बाईंनी हात वर केला. चांगल्या, साध्या बाई होत्या. त्यांनी विचारलं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"पण मग त्या मुलीचं पुढं काय झालं?"

कार्डावर ते नव्हतं. मी गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं आणि काहीतरी जुळवायला लागलो. तेवढ्यात मागून आवाज आला.

"कामावरून काढलं तिला, डक."

सगळ्यांच्या माना वळल्या. ग्लेनिसनं धुतलेली बशी उजेडाकडे धरली होती आणि तिचा अंगठा त्या दोन शेपट्यांवर थांबला होता.

"आणि काढायलाच हवं होतं," ती म्हणाली. "धड जोड लावला नाही, आणि धड वेळेवर गेलीही नाही. एक काहीतरी नीट करायचं."

लोक हसले. अशी एखादी फटकळ म्हातारी असली की सहलीची मजा वाढते. जांभळ्या कोटवाल्या बाई तर हसता हसता रुमालानं डोळे पुसत होत्या. नॉर्मननं नवा छाप यंत्रातून काढला. ग्लेनिसनं ती बशी सुकायला ठेवली, दुसरी घेतली, आणि कागद ओला होता म्हणून लगेच कामाला लागली.

जाताना त्या बाईंनी दोन बर्टी आणि सहा बश्यांचा सेट घेतला.